राउटरला विंडोज कशाला लागतंय?

पत्र ठाण्याहून, नौपाड्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई साठीला टेकलेल्या, घरी बसून प्रकाशकांसाठी मुद्रितशोधन करतात. लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोज 10 चा आधार (म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 या जुन्या यंत्रावर चढेना, म्हणून दिवाळीत बंगळुरूहून आलेल्या मुलानं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. बाई त्यावर खूश आहेत. अडचण वायफायची आहे. केबलवाल्यानं दिलेला डबा दाराशी चपलांच्या कपाटावर आहे आणि त्या काम करतात त्या आतल्या खोलीत सिग्नल पोचत नाही. नवा राउटर घ्यायला गेल्या, तर दुकानदार म्हणाला, ‘लिनक्स? मग नाही चालणार, आधी विंडोज टाकून घ्या,’ आणि खोक्यावर छापलेली विंडोजची यादी दाखवली. दुसऱ्या दुकानात तेरा हजारांचा तीन डब्यांचा मेश संच (एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारे डबे) ‘सगळ्याला चालतो’ म्हणून पुढे केला गेला. पुतण्यानं अमेरिकेहून आणलेलं ॲपलचं एअरपोर्ट एक्स्ट्रीम हे जुनं वायफाय-यंत्र घरात पडून आहे, पण ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला तर काही उघडत नाही. मुलगा म्हणतो, ‘ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चढवायची मुक्त प्रणाली) चढेल असाच घे.’ यजमान म्हणतात, ‘नसते उद्योग, परत विंडोज घे.’ बाईंचे प्रश्न दोन: लिनक्सला चालणारा राउटर नक्की कोणता? आणि लिनक्सवर गेले, ही चूक झाली का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘लिनक्सला चालणारा राउटर’ हे शब्द पाच वेळा आलेत. मीही आधी त्याच वाटेनं निघाले, कुठलं बरं मॉडेल सांगावं म्हणून. मग लक्षात आलं की हा प्रश्न तुमचा नाहीच, तो दुकानदारानं तुमच्या हातात दिलाय. तुमचा खरा प्रश्न पत्राच्या मधोमध एका ओळीत आहे: ‘आतल्या खोलीत प्रुफाची फाइल उतरत नाही, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते.’ त्या स्टुलाकडे आपण येणारच आहोत. आधी दुकानदाराचं बघू.

लॅपटॉप आणि राउटर एकमेकांशी रेडिओलहरींवरून बोलतात आणि त्यांची बोली ठरलेली आहे. 802.11 या आकड्यानं ओळखलं जाणारं ते मानक 1997 पासून आहे, त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या एवढंच. लॅपटॉपनं त्या बोलीत पासवर्ड नीट सांगितला की राउटर त्याला आत घेतो. लॅपटॉपवर विंडोज आहे की लिनक्स, याची तो चौकशी करत नाही. टीएमटीच्या बसमधल्या कंडक्टरला तिकिटाच्या पैशांशी मतलब. तुम्ही जेवून निघालात की उपाशी, हे तो कशाला विचारील? त्यामुळे ‘लिनक्सला चालणारा राउटर कोणता’ याचं उत्तर ‘दुकानात आहेत ते जवळजवळ सगळे’ असं आहे.

मग खोक्यावरची ती यादी? ती बहुतेक राउटरांच्या खोक्यांवर असते आणि अनेकदा पार विंडोज 98 पासून सुरू होते. पुढे वाचत गेलात तर शेवटी मॅक आणि लिनक्स हेही शब्द बऱ्याचदा सापडतात. दुकानदाराचा अंगठा नेमका तिथं असावा. आणि नसले सापडले तरी बिघडत नाही. पूर्वी राउटरसोबत सीडी यायची, ती विंडोजवर चालायची, ही यादी त्या काळापासून खोक्यावर चिकटून राहिली आहे.

यातली गंमत पुढेच आहे. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे आणि तो रोज तुमच्या वायफायवर चालतोय. आणि दुकानदार जो डबा ‘लिनक्सला चालत नाही’ म्हणून दाखवत होता, त्याच्या आतही बहुधा लिनक्सच असणार. हे काही गुपित नाही. 2002 च्या डिसेंबरात लिंकसिस कंपनीनं डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळाकाळा, दोन शिंगांचा राउटर बाजारात आणला. लोकांनी धुंडाळलं तर आत लिनक्स. लिनक्सचा परवाना असा, की ते घालून वस्तू विकलीत तर त्यातला कोड मागणाऱ्याला द्यावा लागतो. लोकांनी पिच्छा पुरवला, 2003 मध्ये कंपनीनं कोड खुला केला, आणि त्यातूनच 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. तुमचा मुलगा म्हणतोय तेच. त्याच्या नावातली शेवटची तीन अक्षरं त्या निळ्या डब्याची आहेत.

पण लिनक्सवाल्यांची वायफायशी भांडणं होतात हे खरं आहे, मी स्वतः केली आहेत. फक्त ती राउटरशी होत नाहीत, लॅपटॉपच्या आतल्या वायफाय कार्डाशी होतात. त्या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये हवा, आणि काही चिप बनवणाऱ्यांनी तो कधी नीट दिलाच नाही. काही वर्षांपूर्वी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून साडेसहाशे रुपयांचा नखाएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर आणला होता. सोबतच्या बशीएवढ्या सीडीत फक्त विंडोजचा ड्रायव्हर. कुणा भल्या माणसानं फावल्या वेळात लिहिलेला लिनक्सचा ड्रायव्हर मिळाला, तो रात्री एक वाजेपर्यंत बसून चढवला, चालला. तीन महिन्यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, अद्ययावत झाला आणि अडॅप्टर मुका. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. आता तो शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर असतो. वर आणखी एक शहाणपण आलं: तेच मॉडेल मैत्रिणीकडे विनातक्रार चालत होतं, कारण तिच्या अडॅप्टरवर ‘व्ही1’ लिहिलं होतं आणि माझ्यावर ‘व्ही2’. आतली चिप बदलली, बाहेरचं नाव तेच. हे ‘व्ही’ प्रकरण लक्षात ठेवा, राउटर घेतानाही ते आडवं येतं.

आता तुमचं स्टूल. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून त्याच लॅपटॉपवर, त्याच लिनक्सवर, वायफायनंच काम करता. म्हणजे कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, लिनक्सही ठीक. अडचण त्या दारापासून आतल्या खोलीपर्यंतच्या बारा-पंधरा फुटांत आहे. यजमानांच्या सल्ल्यानं उद्या विंडोज घातलंत, तरी स्टूल तिथंच राहील.

ज्यांची परिस्थिती इतकी स्पष्ट नाही त्यांच्यासाठी सोपी परीक्षा अशी. फोनवर हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला आणि पानं उघडली, तर लॅपटॉपमधलं सगळं शाबूत, राउटरकडे बघा. हॉटस्पॉट दिसतच नसेल तर राउटरवर एक रुपयाही खर्च करू नका, आधी कार्डाकडे बघा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप केली, की जी यादी येते तीत ‘नेटवर्क’ शब्द असलेल्या ओळीत चिप कोणाची ते कळतं. इंटेलची असेल तर सहसा काही करावं लागत नाही, जुन्या अथेरॉसची असेल तरी नाही. ब्रॉडकॉमची असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन एक ड्रायव्हर निवडावा लागतो. तो उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी तो ड्रायव्हर हवा, अशी पंचाईत झाली तर फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं कनेक्शन वाटतं आणि काम होतं. ही एक युक्ती मला आधी माहीत असती तर माझे बरेच रविवार वाचले असते.

आता तुमचं एअरपोर्ट. तुम्ही लिहिलंय, ‘मी पत्ता चुकीचा टाकत असेन.’ नाही. त्या यंत्राला ब्राउझरमध्ये उघडणारं पानच नाही. ॲपलनं पहिलं एअरपोर्ट बेस स्टेशन 1999 मध्ये काढलं तेव्हापासून त्याची रचना तशीच: ॲपलच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधूनच त्याची मांडणी करायची. एअरपोर्ट युटिलिटी नावाचा तो प्रोग्रॅम मॅकवर आहे, आयफोन-आयपॅडवर आहे, विंडोजसाठीही काढला होता. लिनक्ससाठी ॲपलनं काढला नाही. एकदा मांडणी झाली की मात्र ते लिनक्सच्या लॅपटॉपला इतरांसारखंच वायफाय देतं. म्हणजे ‘चालत नाही’ हे अर्धसत्य आहे. चालतं, फक्त त्याच्या सेटिंगची चावी तुमच्या घरात नाही.

इमारतीत कुणाकडे तरी आयफोन असेलच. त्यांना चहाला बोलवा, तो प्रोग्रॅम त्यांच्या फोनवर घ्यायला सांगा, मागच्या भोकात पिन दाबून एअरपोर्ट कोरं करा, ब्रिज मोडवर टाका (म्हणजे ते स्वतः राउटरगिरी न करता नुसतं वायफाय पसरवेल), वीस मिनिटांत होईल. ॲपलनं एप्रिल 2018 मध्ये ही सगळी मालिकाच बंद केली, म्हणून मी ते मुख्य राउटर म्हणून वापरणार नाही. सुरक्षेची दुरुस्ती न येणारं यंत्र इंटरनेटच्या थेट तोंडाशी ठेवायचं नसतं. केबलवाल्याच्या डब्याच्या आडोशाला, फक्त आतल्या खोलीत वायफाय पसरवायला, तात्पुरतं चालून जाईल. तुमचं उंच ठोकळ्यासारखं असेल तर ते 2013 किंवा त्यानंतरचं आहे, वेगही बरा मिळेल. चपटा चौकोन असेल तर आणखी जुनं, पुतण्याचं मन राखायला शोकेसमध्ये ठेवा.

या एअरपोर्टवरून मला तेरा हजारांच्या त्या संचाबद्दल बोलायचंय. दुकानदारानं ‘सगळ्याला चालतो’ सांगितलं ते वायफायपुरतं खरं. पण असे कित्येक मेश संच फोनमधल्या ॲपवरूनच मांडावे लागतात. गूगलच्या नेस्ट वायफायला गूगल होम ॲप लागतं, तसंच इतरांचं त्यांचं त्यांचं. ब्राउझरमधलं पान एक तर नसतं किंवा नावापुरतं असतं. फोन तुमच्याकडे आहे, म्हणजे आज तुमचं काहीच अडणार नाही. अडेल ते चार-पाच वर्षांनी. फोन बदललेला असेल, ज्या खात्यावरून मांडणी केली त्याचा पासवर्ड आठवत नसेल, आणि कंपनीनं ते ॲप गुंडाळलेलं असेल. पुतण्याचं एअरपोर्ट एके काळी असंच महागडं आणि दिमाखदार होतं. शिवाय दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घराला तीन डबे म्हणजे चौघांच्या घरात दोन किलोची भाकरीची परात.

म्हणून दुकानात ‘लिनक्सला चालेल का’ असं विचारूच नका, त्यावर तुम्हाला आधी मिळालं तेच उत्तर मिळेल. विचारायचं असं: ‘याचं सेटिंग ब्राउझरमधून होतं का, की ॲपच लागतं?’ ब्राउझरमधून होत असेल तर ते लिनक्सच्या फायरफॉक्समधून होतं, विंडोजमधून होतं, उद्या नातीच्या टॅबलेटवरूनही होईल. कुणा एका कंपनीचं ॲप जिवंत आहे की नाही, यावर तुमचं घर अवलंबून राहणार नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे, आणि थोडं वाद घालण्यासारखंही. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधली कंपनीची प्रणाली काढून त्या जागी बसवायची मुक्त प्रणाली. फायदा खरा आहे. स्वस्त राउटरांच्या कंपन्या दोन-तीन वर्षांत त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात, ओपनडब्ल्यूआरटीवाले त्याच डब्याला पुढची कित्येक वर्षं दुरुस्त्या देत राहतात. पण ते चढवणं म्हणजे वाटतं तेवढं बटण दाबणं नाही. मधेच वीज गेली तर डब्याची वीट होऊ शकते. चढल्यावर वायफाय सहसा बंदच असतं, पासवर्डही नसतो. लॅनच्या वायरनं (म्हणजे नेटवर्कच्या जाड वायरनं) लॅपटॉप राउटरला जोडून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 या पत्त्यावर जाऊन दोन्ही गोष्टी हातानं करायच्या. तुमच्या जुन्या लॅपटॉपला लॅनचं भोक आहे, हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना तेही नसतं. हे काम फोनवरून ‘आई, आता खालचं तिसरं बटण’ असं करायचं नाही. तुम्हा दोघांचं रक्त आटेल. तो पुढच्या वेळी आठ दिवसांसाठी येईल तेव्हा समोर बसून करू दे.

तोपर्यंत माझा सल्ला मधला आहे. राउटर असा घ्या, जो ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरांच्या यादीत आहे, पण आज चालवा कंपनीच्याच प्रणालीवर. कंपनीनं अपडेट देणं थांबवलं की मुलाला सांगा. यादी बघायचं काम मुलाला बंगळुरूत बसून करता येतं, त्याला ते आवडेलही. त्यानं तीन गोष्टी बघाव्यात. एक, ती ‘व्ही’ची भानगड: डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर मॉडेलच्या नावापुढे आवृत्ती छापलेली असते, आणि यादीत नेमकी तीच आवृत्ती हवी, ‘जवळपास तीच’ चालत नाही. दुकानात त्याला स्टिकरचा फोटो पाठवा आणि त्याच्या होकाराची वाट बघा, तेवढ्यात राम मारुती रोडवर काहीतरी खाऊन या. दोन, स्मृती: 16 एमबी साठवण आणि 128 एमबी रॅम असेल तर निवांत, 4 आणि 32 वाले जुने स्वस्त डबे आता बाद आहेत. तीन, चिप: मीडियाटेकची असेल तर बहुतेक बरं, ब्रॉडकॉमची असेल तर तिच्या वायफायला मुक्त ड्रायव्हर नसल्यानं सोडून द्या. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी 2024 च्या अखेरीस स्वतःचाच ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा राउटर काढला आहे, हौशी माणसाला भुरळ घालणारा. मुलाला त्याच्या स्वतःच्या घरासाठी घेऊ दे. नौपाड्यातल्या गरजेला बाहेरून मागवलेलं यंत्र नको, ते बिघडल्यावर कोणाकडे न्यायचं?

आता भिंत. तुमची इमारत जुनी, भारवाही भिंतींची, म्हणजे मधली भिंत चौदा इंची असणार. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की मध्ये न्हाणीघर आहे आणि त्याच्या माळ्यावर पाण्याची टाकी. टाकीपलीकडे तुमची खोली, आणि खोलीत भिंतीला टेकून लोखंडी कपाट. अहो, वायफाय अडवायला याहून चांगली तटबंदी शिवाजीमहाराजांनीही बांधली नसती. पाणी लहरी शोषतं, लोखंड परतवतं, जाड वीट दोन्ही थोडं थोडं करते. मी नेरुळला राहते, आमच्या सिडकोच्या इमारतीत भिंती पातळ, पण काँक्रीटच्या खांबाआड असाच एक कोपरा आंधळा होता. मी आधी महागडा राउटर आणला. दाराशीच ठेवला. कोपरा आंधळाच राहिला, खिसा तेवढा हलका झाला.

दाराशी कितीही भारी राउटर ठेवलात तरी टाकी तिथंच असणार. डबा टाकीच्या पलीकडे न्यायला हवा, म्हणजे तुमच्या खोलीत. त्यासाठी लागते वायर. केबलवाल्याच्या डब्यावर मागे पिवळी किंवा काळी ‘लॅन’ लिहिलेली भोकं असतात, त्यातल्या एकातून कॅट 6 ची वीस मीटर वायर काढा, इलेक्ट्रिशियनकडून दारांच्या चौकटीवरून केसिंग-पट्टीतून आतल्या खोलीपर्यंत न्या, आणि तिथं नवा राउटर लावा. वायर चार-पाचशेची, पट्टी आणि मजुरी धरून हजाराच्या आतबाहेर. तुमच्या 100 एमबीपीएसच्या प्लॅनला राउटर दोन-अडीच हजारांचा, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्ही पट्टे असलेला पुरतो. पुढे वेगाचा प्लॅन घेणार असाल तर एकच बघा: राउटरची भोकं ‘गिगाबिट’ असली पाहिजेत. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांवर मोठ्या अक्षरांत ‘1200’ छापलेलं असतं आणि भोकं मात्र 100 चीच असतात.

वायर नको म्हणून वायफाय एक्स्टेंडर सुचवणारे भेटतील. तो अर्धवट सिग्नल उचलून पुढे ढकलतो, त्यामुळे वेगही अर्धामुर्धाच राहतो. भाड्याच्या घरात, जिथं भिंतीला खिळा मारायची चोरी, तिथं ठीक आहे. घर तुमचं आहे, पट्टी मारून घ्या.

नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो निवडा. मग तो स्वतः राउटरगिरी करत नाही, केबलवाल्याच्या डब्याकडून आलेलं नुसतं हवेत पसरवतो. केबलवाल्याचा युजरनेम, पासवर्ड, काही मागायला नको. त्याच्याशी ‘लिनक्स’ हा शब्दही काढायला नको. इथं एक खड्डा आहे, तो सांगून ठेवते. केबलवाल्याचा डबाही बहुधा 192.168.1.1 या पत्त्यावर असतो आणि नवाही त्याच पत्त्यावर येऊ शकतो. एका दारावर दोन सारख्या पाट्या, पोस्टमन गोंधळणारच: पान उघडत नाही, उघडलं तर भलत्याच डब्याचं उघडतं. म्हणून पहिल्यांदा सेटिंग करताना दोघांमधली वायर जोडू नका. फक्त लॅपटॉप आणि नवा राउटर लॅनच्या वायरनं जोडा, मोड बदला, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या डब्याचाच द्या, मग दोघांना जोडा. नाव-पासवर्ड एकच ठेवल्यानं लॅपटॉप घरात फिरताना आपणहून जवळचा डबा धरतो.

लिनक्सला खरंच जाचणाऱ्या दोन बारीक गोष्टी राहिल्या. भारतात 2.4 च्या पट्ट्यात 13 पर्यंतचे चॅनल वापरता येतात, अमेरिकेत 11 पर्यंत. लिनक्सला आपण कुठल्या देशात आहोत हे सांगितलेलं नसलं, की काही वेळा ते सावधगिरीनं 12 आणि 13 कडे नीट लक्ष देत नाही. मग फोनला वायफाय दिसतं, लॅपटॉपला कधी कधी दिसत नाही, आणि दोष लिनक्सच्या माथी. राउटरमध्ये चॅनल ‘ऑटो’ न ठेवता 1, 6 किंवा 11 यांतला एक निवडा, शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो. दुसरं, सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) निवडू नका; दहा वर्षांपूर्वीच्या कार्डाला ते झेपेलच असं नाही. डब्ल्यूपीए2 आणि 3 मिश्र असा पर्याय असतो, तो घ्या.

आणि हो, यजमान. ते चिडले आहेत ते लिनक्सवर नाहीत, असं मला पत्रावरून वाटतं. घरात एखादी गोष्ट बिघडली की जी अनोळखी वस्तू सगळ्यात नवी, तिच्यावर खापर फुटतं. आमच्याकडे ते बरीच वर्षं माझ्या सासूबाईंच्या मते मायक्रोवेव्हवर फुटायचं. त्यांना हॉटस्पॉटची परीक्षा करून दाखवा. आतल्या खोलीत, कपाटाला टेकून, त्यांच्याच फोनचा हॉटस्पॉट लावा आणि प्रुफाची फाइल उतरवा. ती उतरली की वाद संपेल, आणि लिनक्सवर जाणं चूक होतं का, याचंही उत्तर त्यांना तिथंच मिळेल. चूक नव्हती. ज्याचा आधार संपलाय असं विंडोज 10 बँकेचे व्यवहार करायला वापरत राहणं चूक ठरलं असतं, आणि धड चालणारा लॅपटॉप त्यासाठी भंगारात काढणं त्याहून.

खरेदी करून आलात की स्टिकरवरचा आवृत्तीचा आकडा, राउटरचा पत्ता आणि तुम्ही ठेवलेला ॲडमिन पासवर्ड एका कागदावर लिहून तो कागद पारदर्शक चिकटपट्टीनं राउटरच्या पोटाला लावा. सुरक्षावाले लोक माझ्यावर ओरडतील, ओरडू देत. तुमच्या आतल्या खोलीत चोर शिरला तर तो राउटरचा पासवर्ड वाचत बसणार नाही. आणि खोका महिनाभर माळ्यावर टाका, फेकू नका. टाकीच्या अलीकडच्या बाजूला.